वरून आलेली यादी



माउली, एक वाक्य आपण दिंडीत दिवसातून दहा वेळा ऐकतो. कीर्तन रंगले म्हणून कुणी पाया पडायला आले की बुवा कानाला हात लावतात : मी कोण करणारा, करविता तो. पंगत घालणारा म्हणतो, मी कोण वाढणारा, त्यानेच वाढले. हे वाक्य खोटे नाही. आपल्या संप्रदायाचा तो प्राण आहे. पण हेच वाक्य मी आणखी एका जागी ऐकले आहे, आणि स्वतः बोललोही आहे. तिथे विठ्ठलाचे नाव नव्हते, एवढाच शब्दांतला फरक. “मी कोण करणारा? वरून आलंय.”

ती जागा म्हणजे कारखान्याचे टाइम ऑफिस. तुकोबांची पालखी देहूहून निघते, पहिला मुक्काम देहूतच इनामदार वाड्यात आणि दुसरा आकुर्डीला विठ्ठल मंदिरात. पुढे जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पालखी पुण्याकडे जाते, तेव्हा दोन्ही अंगांना कारखान्यांची फाटके लागतात. त्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षे नोकरी केली. कामगारांची पंचिंग कार्डे, रजा, ओव्हरटाइमचे तास, कँटीनची कुपने असे माझे काम. कागद सांभाळणारा माणूस. माझ्या हातात कुणाचे काही करण्याची सत्ता आहे, असे मला कधी वाटले नव्हते.

पंचवीस वर्षे होत आली. एका दुपारी पर्सोनेलचे साहेब त्रेचाळीस नावांची यादी घेऊन आले. मशीन शॉप बंद करायचे ठरले होते. तिथले काम बाहेरच्या छोट्या वर्कशॉपना द्यायचे, म्हणजे स्वस्त पडते. कारखाना तोट्यात होता असे समजू नका. नफा होता. मागच्या वर्षाइतका वाढला नव्हता, एवढेच. मला सांगण्यात आले की त्रेचाळीस जणांच्या स्वेच्छानिवृत्तीची पत्रे तयार करा.

‘स्वेच्छा’ हा शब्द जरा थांबून पाहण्यासारखा आहे. तेव्हा लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘ले-ऑफ’ म्हणजे तात्पुरते बसवून ठेवणे. कामगाराचे नाव हजेरीपटावर राहायचे आणि भरपाई म्हणून त्याला अर्धा पगार मिळायचा. कायमचे काढायचे तर त्याला वेगळा शब्द, वेगळे नियम. शेवटी आला त्याने आधी जायचे असा क्रम, नोटीस, सेवेच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, आणि मोठ्या कारखान्याला सरकारची परवानगी. पण माणूस आपल्या इच्छेने गेला, तर त्याला काढले असे कायदा धरत नसे. म्हणून सगळा जोर इच्छेवर. एकेकाला बोलवायचे, समोर दोन कागद ठेवायचे. एक राजीनाम्याचा आणि दुसरा परराज्यातल्या गोदामात बदलीचा. माणूस जो कागद उचलेल ती त्याची इच्छा.

राजीनामे स्वीकारल्याची पत्रे मी आदल्या दिवशीच टाइप करून ठेवली होती. ‘आपण स्वेच्छेने दिलेला राजीनामा मंजूर करण्यात येत आहे.’ राजीनामा अजून कुणी लिहिलेलाच नव्हता.

त्या यादीत सतरावे नाव आबांचे होते. आबा टर्नर, आणि आमच्याच दिंडीतले टाळकरी. कारखान्यात ते मला साहेब म्हणायचे, वारीत माउली. त्या दिवशी ते माझ्या टेबलासमोर उभे राहिले. मी रजिस्टर पुढे केले आणि कुठे सही करायची ते बोटाने दाखवले. ते काहीतरी विचारत होते. मी म्हणालो, “आबा, मी काय करणार? वरून आलंय.” त्यांनी सही केली, पत्राची घडी घालून वरच्या खिशात ठेवली आणि गेले.

दोन महिन्यांनी वारी आली. तुम्हाला वेगळे सांगायला नको, दिंडीत सकाळी भेटल्यावर आपण एकमेकांच्या पाया पडतो. वय, जात, हुद्दा पाहत नाही. समोरच्यात माउली आहे म्हणून वाकतो. देहूला आबा समोर आले आणि वाकले. मीही वाकलो. आमची डोकी जवळजवळ एकमेकांवर आदळली, आजूबाजूचे हसले. माझे हात त्यांच्या पायांना लागले तेव्हा मनात एवढेच आले की हे हात कालपर्यंत कशाला लागले होते. पण ते बोलायचे धैर्य मला झाले नाही.

पुढच्या वर्षी यवतच्या मुक्कामाला रात्री आम्ही शेजारी पडलो होतो. बोलता बोलता आबा म्हणाले, “साहेब, त्या दिवशी तुम्ही जरा वर बघितलं असतं तर बरं झालं असतं.” बास, एवढेच. मला लागले ते त्यांचे ‘साहेब’ म्हणणे. वारीत त्यांनी मला साहेब म्हटले, ते त्या एकाच वेळी.

तेव्हापासून मी एक प्रश्न धरून बसलो आहे. त्या दिवशी कर्ता कोण होता?

मी टाइप केले, पण यादी माझी नव्हती. पर्सोनेलच्या साहेबांनी यादी आणली, पण संख्या वरच्या साहेबांनी ठरवली होती. त्यांना विचारले असते तर ते म्हणाले असते, संचालक मंडळाचा ठराव आहे. संचालक म्हणाले असते, आम्ही भागधारकांचे विश्वस्त, त्यांच्या पैशाची वाढ करणे हे आमचे कर्तव्य. आणि भागधारक? तो हजारो माणसांत विखुरलेला. बहुतेकांना हा कारखाना कोणत्या रस्त्यावर आहे हेही ठाऊक नाही. चाळीस घरांची चूल मंदावली आणि ती मंद करणारा हात शोधू जावे, तर हात सापडतच नाही. सगळे वरून आलेले. वर जावे तर तिथून पुन्हा खाली विखुरलेले.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करणे, चेष्टा आणि दैव. आपण पोथीवर ते ऐकतो तेव्हा पटते. एकटा ‘मी’ करतो असे समजणारा नीट पाहत नाही, असेच तिथे सांगितले आहे. पाठोपाठ असेही येते की ज्याचा अहंभाव गळाला त्याला कर्म बांधत नाही. माउलींनी या जागेचा विस्तार केला आहे तो मुक्त पुरुषाचे वर्णन म्हणून. माझी अडचण अशी की कंपनीचा कारभारही या वर्णनात बसवून दाखवता येतो. अधिष्ठान कारखाना, करण टाइपरायटर, दैव म्हणजे बाजार, आणि अहंभाव तर कुणाचाच नाही! मग पाप कुणालाच नाही का?

इथे मी बरीच वर्षे अडलो होतो. आता जे दिसते ते सांगतो, पटले तर घ्या. ‘मी कर्ता नाही’ हे वाक्य दोन माणसे बोलतात. भक्त बोलतो तेव्हा तो काम आपल्याकडे ठेवतो आणि फळ सोडतो. चुकले तर माझे, साधले तर त्याचे. कंपनी बोलते तेव्हा नेमके उलटे होते. ती फळ आपल्याकडे ठेवते आणि काम सोडून देते. नफा आमचा, माणसे काढली ती बाजाराने. शब्द तेच, फक्त सोडण्याची वस्तू बदलली.

हा विचार अशा रूपात आला कुठून, हे समजून घ्यायला माझ्या मुलाने मला काही वाचायला दिले. अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० च्या सप्टेंबरात न्यूयॉर्क टाइम्सच्या रविवारच्या मासिकात एक लेख लिहिला. धंद्याची सामाजिक जबाबदारी म्हणजे नियमात राहून नफा वाढवणे, हे त्याचे सार. त्यांचा मुद्दा वरवर वाटतो तितका कठोर नाही, तो नीट ऐकला पाहिजे. ते म्हणतात, व्यवस्थापक हा नोकर आहे. पैसा मालकांचा आहे. दुसऱ्याच्या पैशाने दानधर्म करण्याचा अधिकार त्याला कुणी दिला? मालकाला दान करायचे तर तो स्वतःच्या खिशातून करील.

आपल्याकडच्या कोणत्याही प्रामाणिक दिवाणजीला हे पटेल. मलाही अर्धे पटते. पण पुढे याचे काय झाले ते पाहा. जनरल इलेक्ट्रिक या प्रचंड कंपनीची सूत्रे १९८१ मध्ये जॅक वेल्च यांच्याकडे आली. पाचेक वर्षांत तिथली माणसे सुमारे चार लाखांवरून तीन लाखांवर आली. इमारती उभ्या आणि आतली माणसे नाहीशी, म्हणून लोकांनी त्यांना ‘न्यूट्रॉन जॅक’ म्हणायला सुरुवात केली, न्यूट्रॉन बॉम्बवरून. दर वर्षी खालच्या दहा टक्के लोकांना काढायचे, ही त्यांची पद्धत पुढे जगभर गेली. दहा जणांत एक जण नेहमी शेवटचा असणारच, दहाही जण चांगले असले तरी. दिंडीत शंभर टाळकरी असतील तर त्यांतले दहा दर वर्षी कमी करायचे, असा नियम कुणी केला तर विणेकरी काय म्हणतील, मनात आणून पाहा. हेच वेल्च २००९ मध्ये एका मुलाखतीत म्हणाले की भागधारकांचे मूल्य हेच ध्येय मानणे हा शुद्ध मूर्खपणा आहे. तोवर ते निवृत्त होऊन आठ वर्षे झाली होती.

आता आपल्या संतांकडे या. नफ्याचा प्रश्न त्यांना नवा नव्हता. तुकोबा वाण्याच्या दुकानावर बसलेले गृहस्थ. घरात सावकारी होती, लोकांची कर्जखते होती. १६३० च्या सुमाराचा तो भीषण दुष्काळ आला, त्यात त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा गेला. परंपरा सांगते की त्यानंतर तुकोबांनी खते दोन वाट्यांत केली. अर्धी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली, आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली.

कीर्तनात इथे सगळे डोळे इंद्रायणीकडे लागतात. मला मात्र कान्होबांच्या अर्ध्या वाट्याकडे पाहावेसे वाटते. तुकोबांनी भावाची खते बुडवली नाहीत. तू बुडव असेही म्हटले नाही. त्याचा वाटा त्याला मोजून दिला. कान्होबांनी तो ठेवला आणि संप्रदायाने त्यांना दूषण दिले नाही. त्यांचे अभंग आपण गाथ्यात वाचतो. फ्रीडमन जे म्हणतात, की दुसऱ्याच्या पैशावर औदार्य करू नका, ते तुकोबांनी अक्षरशः पाळले. पण स्वतःच्या वाट्याचे काय करायचे, हा प्रश्न त्यांनी ‘बाजार आहे’ म्हणून टाळला नाही. आणि आणखी एक. त्या खतांवर जी नावे होती ती माणसे तुकोबांच्या ओळखीची होती. कुणाची गाय मेली, कुणाचे पोर गेले, हे त्यांना ठाऊक होते. शेअर हाही तसा एक कागदच. दुसऱ्याच्या उद्याच्या श्रमांवरचा हक्क. त्यावर नाव मात्र फक्त घेणाऱ्याचे असते, देणाऱ्याचे नसते.

दामाजीपंतांची गोष्ट याहून अवघड. मंगळवेढ्याचे धान्याचे कोठार त्यांचे नव्हते, बेदरच्या बादशहाचे होते. पंत पगारी अधिकारी. दुष्काळात माणसे दारात मरू लागली आणि त्यांनी कोठार उघडले. आजच्या भाषेत ही मालकाच्या मालाची अफरातफर. फ्रीडमन यांनी पंतांना पहिल्या दिवशी घरी बसवले असते. आणि गंमत अशी की आपल्या संतकथेलाही ही अडचण कळलेली आहे. म्हणून तर देव विठू महार होऊन बेदरला जातो आणि धान्याची किंमत दरबारात मोजून पावती घेतो. मालकाचे बुडाले तर बुडू दे, असे कथा म्हणत नाही. कोठारही उघडते आणि हिशेबही पुरा होतो.

पण विठू महार प्रत्येक वेळी येतोच असे नाही, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात माल्डेन मिल्स नावाची कापड गिरणी होती. मालक ॲरन फॉयरस्टीन, धर्मनिष्ठ ज्यू. ११ डिसेंबर १९९५ च्या रात्री गिरणीला भयंकर आग लागली, त्याच दिवशी त्यांना सत्तर वर्षे पूर्ण झाली होती. विम्याचे पैसे घेऊन घरी बसणे किंवा स्वस्त मजुरीच्या देशात गिरणी हलवणे, दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. त्यांनी गिरणी तिथेच पुन्हा बांधायची ठरवली आणि काम बंद असतानाही कामगारांचे पगार कित्येक आठवडे चालू ठेवले. भागधारकांना विचारावे लागले नाही, कारण गिरणी घरची होती. देशभर त्यांचा गौरव झाला. आणि नोव्हेंबर २००१ मध्ये कर्जाच्या ओझ्याखाली गिरणी दिवाळखोरीत गेली. त्यांच्या हातून गेली ती गेलीच. चांगले केले म्हणून चांगलेच होते, असे मी तुम्हाला सांगणार नाही. त्यांनी जे केले त्याची किंमत त्यांनी स्वतः दिली. ‘कर्ता मी’ हे त्यांनी टाळले नाही, तेवढेच मला दिसते.

त्याच्यासमोर अलीकडचे एक उदाहरण ठेवा. २०२२ या वर्षात गुगलची मूळ कंपनी अल्फाबेट हिचा निव्वळ नफा सुमारे ६००० कोटी डॉलर होता. जानेवारी २०२३ मध्ये तिने सुमारे १२,००० माणसे कमी करण्याचे जाहीर केले. प्रमुखांनी पत्रात लिहिले की या निर्णयांची संपूर्ण जबाबदारी माझी. एप्रिलमध्ये कंपनीने ७००० कोटी डॉलरपर्यंत स्वतःचेच शेअर बाजारातून परत विकत घ्यायला मंजुरी दिली. वाटेकरी कमी झाले की उरलेल्यांचा वाटा वाढतो, ते असे. माणसे ठेवायला पैसा नव्हता, असे तर कुणीच म्हणू शकत नाही. ‘जबाबदारी माझी’ हे शब्द उच्चारले गेले. पण त्या शब्दांनी कुणाच्या ताटातली भाकरी कमी झाली? ज्याने जबाबदारी घेतली त्याच्या तर नक्की नाही.

तुमच्यापैकी अनेकांची मुले हिंजवडीला, खराडीला, बंगळुरूला आहेत. सकाळी गळ्यातले कार्ड फाटकावर लागत नाही तेव्हाच कळते, असे आता आपण घरोघरी ऐकतो. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर असलेल्याची नोकरी गेली तर त्याला साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी, नाहीतर दुसरा काही मार्ग, नाहीतर घर आवरून परत. आळंदीच्या एका खोलीत माळ ओढणारी आई तेवढे दिवस झोपत नाही.

पण माझ्या पुतण्याची गोष्ट याच्या दुसऱ्या बाजूची आहे. तो एका कंपनीत वीस जणांचा गट सांभाळतो. मागच्या वर्षी त्याला सांगितले, तीन नावे दे. तो रात्री माझ्याकडे आला. म्हणाला, “काका, मी नाही दिली तर दुसरा देईल, आणि तो या पोरांना ओळखतही नाही. आणि उद्या कंपनीच बुडाली तर वीसही जातील.” त्याचे म्हणणे चुकीचे नाही. बुडत्या नावेतून ओझे उतरवावे लागते. जिथे खरोखर तोटा आहे, काम उरलेले नाही, तिथे माणसे कमी करणाऱ्याला मी दोष देत नाही. मी त्याला एवढेच विचारले, “नाव बुडते आहे, की नुसती अजून वेगाने पळवायची आहे?” तो गप्प बसला. मग हळूच म्हणाला, “तुम्ही असता तर काय केलं असतं?”

मी काय केले होते ते त्याला ठाऊक नव्हते. त्याला सांगितले ते हेच : नाव देणे तुला टळत नसेल, तर त्या तिघांना तू स्वतः बोलाव. फोनवर नाही, पत्राने नाही. त्यांच्याकडे पाहून सांग, आणि ‘वरून आलंय’ म्हणू नकोस. ‘मी नाव दिले’ असे म्हण. त्यांना राग काढायला एक तोंड मिळू दे. हिशेबाचे पैसे पूर्ण आणि वेळेवर मिळतात की नाही ते तू पाहा. आणि या वर्षी तुला जो बोनस मिळेल, त्याचे काय करायचे ते तुझे तू ठरव, पण तो कुठून आला हे विसरून घेऊ नकोस. त्याने त्यातले किती केले, मी विचारले नाही.

एवढा शहाणपणा सांगितल्यावर आता माझी गोष्ट पूर्ण केली पाहिजे. इतकी वर्षे ती मी कुणाला सांगितलेली नाही.

आमच्या कारखान्याने भागविक्री केली होती तेव्हा कामगार-कर्मचाऱ्यांना थोडे शेअर दिले होते. माझ्याकडे शंभर होते. मशीन शॉप बंद झाल्याची बातमी आली आणि शेअरचा भाव चढला. बाजाराला असल्या बातम्या आवडतात. पुढच्या उन्हाळ्यात मी ते विकले. चांगले पैसे आले. मी मनात म्हणालो, पांडुरंगाने दिले, त्याच्याच चरणी लावू. आणि वारीत दिंडीला एक पंगत दिली. मुक्काम वरवंड, म्हणजे यवतच्या दुसऱ्या दिवशीचा. अडीचशे पाने उठली. सगळे पैसे पंगतीला लागले नाहीत. उरले ते घरी आले, तेही लिहून ठेवतो.

आबा माझ्या शेजारच्या पानावर बसले होते. त्यांनी बुंदी दुसऱ्यांदा घेतली. जेवण झाल्यावर विणेकऱ्यांनी माझ्या नावाचा जयजयकार करायला सांगितले तेव्हा मी कानाला हात लावले आणि म्हणालो, मी कोण करणारा.

वर मी विचारत होतो की भागधारक कोण, त्याला कारखाना कोणत्या रस्त्यावर आहे हे तरी ठाऊक आहे का. तर मला ठाऊक होते. माझ्या शंभर शेअरनी आबांची नोकरी घालवली नाही, ते खरे. मी ते घेतले नसते तरी मशीन शॉप बंदच झाले असते. पण फळ माझ्या ताटात आले आणि त्यातले मी त्यांच्याही पानात वाढले, त्यांना न सांगता.

तुम्हीही स्वतःला यातून वेगळे काढू नका. २०१५ पासून भविष्यनिर्वाह निधीच्या नव्या जमेचा एक भाग शेअर बाजारातल्या निधींत गुंतवला जातो. म्हणजे लेथवर उभा असलेला कामगारही आता थोडा थोडा भागधारक आहे. एसआयपी करणारी शिक्षिका आहे, पेन्शनवाला आहे. तिमाही नफा वाढला नाही तर आपणच कपाळाला आठी घालतो. त्या आठीची यादी होऊन खाली कुठल्या टाइम ऑफिसात पोहोचते, ते आपल्याला दिसत नाही. शेअर ठेवू नका असे मी म्हणत नाही. मीही आज म्युच्युअल फंडाच्या व्याजासारख्या पैशावर दुधाचे बिल देतो. कान्होबांचा वाटा माझ्याकडे आहे. तुकोबांचा वाटा माझ्या हातून व्हायचा तसा झालेला नाही.

आबांना आता चालवत नाही. गुडघे गेले. बाहेरच्या वर्कशॉपमध्ये निम्म्या पगारावर त्यांनी पुढे बारा वर्षे काढली. मशीन शॉपमधले जे काम बाहेर गेले होते, तेच त्यांनी तिथे केले. दर वर्षी ते आकुर्डीच्या मुक्कामाला दर्शनाला येतात आणि दिंडीच्या राहुटीत तासभर बसतात. हरिपाठ झाल्यावर आमच्याकडे या मासिकातले काही वाचायची पद्धत आहे. या वर्षी वाचायला मी हाच लेख देणार आहे. वाचणार मीच आहे, आणि ते समोर असतील.